पाण्याचा हिशेब आणि पेट्रोलचा हिशेब

राल्फ बॅग्नोल्ड याचे ‘लिबियन सँड्स’ हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. मोटारीने वाळवंटात शिरून एखादे दूरचे मरूद्यान गाठणे या विषयावर त्यानंतर जे लेखन झाले, त्यातील बहुतेकाचा साचा या एका पुस्तकात सापडतो. टायरमधली हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सारणे, होकायंत्राशी चाललेली झटापट, रात्रीची थंडी आणि आकाश, आणि अखेरीस क्षितिजावर दिसणारी खजुरांची हिरवी रेघ, असा तो साचा आहे. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीतून सीवाला किंवा लिवाला जाऊन आलेला प्रवासी आजही याच क्रमाने लिहितो. यातील शेवटच्या गोष्टीला, म्हणजे खजुरांच्या त्या रेघेला, बॅग्नोल्डच्या पुस्तकात मात्र फारसे मानाचे स्थान नाही. ज्याने मरूद्यानांचा मार्ग मोटारींना खुला करून दिला, त्याला मरूद्यानात पोहोचण्याचे विशेष अप्रूप वाटत नव्हते. ही विसंगती मला नेहमीच लक्षणीय वाटत आली आहे, आणि या प्रकारच्या प्रवासलेखनाचे बळ व उणीव या दोहोंचा उलगडा तिच्यातून होतो, असे मला वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘ओअ‍ॅसिस’साठी आपण ‘मरूद्यान’ हा संस्कृत घडणीचा शब्द स्वीकारला. शब्द सुंदर आहे, परंतु तो ऐकताच मनात उभे राहते ते उद्यान. कोणीतरी निगुतीने सांभाळलेले, फिरायला जाण्याजोगे. ग्रीकांनी ‘ओअ‍ॅसिस’ हा शब्द प्राचीन इजिप्तच्या भाषेतून उचलला. कॉप्टिक भाषेतील त्याच्या रूपाचा अर्थ ‘राहण्याची जागा’ असा सांगितला जातो, आणि अरबीतील ‘वाहा’ हा त्याच कुळातला आहे. म्हणजे मुळात ही वस्ती आहे. खजुराच्या मादी झाडावर चढून नराचा फुलोरा हाताने बांधल्याखेरीज तेथे भरवशाचे पीक येत नाही. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि त्या चुकल्या की भांडणे होतात. वाळू रोज पुढे सरकत असते आणि ती रोज मागे लोटावी लागते. आपण ज्याला निसर्गाचा चमत्कार म्हणून दाद देतो, तो पुष्कळ अंशी माणसांच्या शेकडो वर्षांच्या कष्टाचा परिणाम असतो. प्रवासवर्णनाची परीक्षा करताना हा अर्थ हाताशी असावा.

बॅग्नोल्डच्या बारा वर्षे आधी, १९२३ मध्ये, अहमद हसनैन नावाच्या इजिप्शियन गृहस्थाने उंटांच्या तांड्यासह भूमध्य समुद्रकाठच्या सल्लूमपासून सुदानमधील अल् उबैदपर्यंतचा सुमारे ३५०० किलोमीटरांचा प्रवास केला. वडील अल् अझहरचे विद्वान, स्वतःचे शिक्षण ऑक्सफर्डचे, आणि शिवाय ऑलिम्पिकमध्ये तलवारबाजी खेळलेला असा हा माणूस. त्याच्या ‘द लॉस्ट ओअ‍ॅसेस’ (१९२५) या पुस्तकाचे इंग्रजी काहीसे दरबारी थाटाचे आहे. काही ठिकाणी तो स्वतःच्या धाडसावर जरा खूश होऊनही लिहितो. परंतु त्या पुस्तकात एक गोष्ट सतत जाणवते. पुढची विहीर किती मजलांवर आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे, तेथे कोणाच्या नावाने पत्र दाखवावे लागेल, पखाली कोण भरून देईल, या प्रश्नांवाचून त्याला पाऊल टाकता येत नाही. कुफ्राला जायचे तर सनुसी पंथाच्या सय्यद इद्रीसचे शिफारसपत्र हवे. वाटाड्या रुसला तर त्याची समजूत काढली पाहिजे, कारण पाण्याची वाट त्याच्या डोक्यात आहे. साहजिकच त्याच्या पुस्तकात माणसे भरपूर आहेत. ती केवळ रंगत आणण्यासाठी आलेली नाहीत; त्यांच्याशिवाय लेखक जिवंत राहिला नसता.

लिबिया, इजिप्त आणि सुदान यांच्या सीमा जेथे मिळतात त्या उवैनातच्या डोंगरात हसनैन पोहोचला, तेव्हा तेथील झऱ्यांच्या आधाराने राहणारी सुमारे दीडशे माणसांची वस्ती त्याला आढळली आणि तिचा ‘राजा’ हेरी हाही भेटला. त्या लोकांनीच त्याला खडकांवरील चित्रे दाखवली. त्यांत सिंह होते, जिराफ होते, गाईगुरे होती. उंट मात्र नव्हता. ही चित्रे जिन्नांनी काढली असावीत, असे स्थानिक मत. हसनैनने त्यावरून उंट या भागात येण्यापूर्वीच्या, हिरव्या वाळवंटाच्या काळाचा तर्क केला, आणि तो योग्य होता. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की हा शोध संवादातून लागला. कोणीतरी दाखवले म्हणून त्याने पाहिले.

आता बॅग्नोल्डकडे वळू. हा ब्रिटिश लष्करातील अभियंता १९२६ पासून इजिप्तमध्ये होता. रजेच्या दिवसांत मित्रांना घेऊन, आधी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ आणि पुढे ‘मॉडेल ए’ मोटारींतून, तो वाळवंटात जाऊ लागला. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. या गाड्यांची फक्त मागची चाके फिरत. जीप १९४१ ची, लँड रोव्हर १९४८ ची. फोर व्हील ड्राइव्हशिवाय वाळवंट अशक्य, ही आजच्या जाहिरातींतून रुजलेली समजूत इतिहासाला धरून नाही. यंत्रात जे नव्हते, ते बॅग्नोल्डने निरीक्षणाने भरून काढले. मऊ वाळूवर टायरमधली हवा कमी केली की चाक पसरट होते आणि भार वाटला जातो. रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ होऊन जाते, तेव्हा त्या वाफेला नळीने एका डब्यात नेऊन पुन्हा पाणी करायचे. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र भरकटते, म्हणून तबकडीवर उभ्या केलेल्या सुईच्या सावलीवरून दिशा ठरवायची. महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या लोखंडी पन्हळी कैरोच्या जुन्या बाजारात मिळाल्या. त्या रुतलेल्या चाकांखाली घालायच्या.

या सगळ्या क्लृप्त्यांचा एकत्रित परिणाम तांत्रिक होता तसा साहित्यिकही होता. पाणी आणि पेट्रोल दोन्ही बरोबर नेणाऱ्या प्रवाशाला विहिरीची गरज उरली नाही. विहिरीची गरज नाही म्हणून वाटाड्याची नाही, शिफारसपत्राची नाही, यजमानाचीही नाही. उंटाच्या प्रवासात रस्ता एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत वळत जाई; मोटारीचा रस्ता नकाशावर पट्टी ठेवून आखता येऊ लागला. पूर्वी ‘किती पाणी आहे’ यावर दिवस मोजले जात, आता ‘किती डबे पेट्रोल आहे’ यावर. हसनैनला जे उवैनात कोणाचे तरी गाव म्हणून भेटले, ते मोटारींच्या पुस्तकांत पुढच्या मजलेआधी इंधन साठवण्याचा तळ म्हणून येऊ लागले. बॅग्नोल्डच्या पुस्तकाचे उपशीर्षक ‘मृत जगातला प्रवास’ अशा अर्थाचे आहे. ते जग ज्याला मृत वाटले, त्याच्याजवळ आठवडेच्या आठवडे पुरेल इतके पाणी डब्यांत भरून ठेवलेले होते, हे ध्यानात ठेवून ते उपशीर्षक वाचले पाहिजे.

असे असूनही ‘लिबियन सँड्स’ हे थोर पुस्तक आहे, आणि ते का थोर आहे हे सांगितले नाही तर टीकाकार म्हणून मी अर्धेच काम केले असे होईल. माणसांच्या जागी बॅग्नोल्डने वाळूलाच आपल्या पुस्तकाचे पात्र केले. सीवापासून दक्षिणेला सुमारे ६५० किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या समुद्रात त्याने मोटारी प्रथम घातल्या, तेव्हाचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. समोर प्रचंड वाळूची टेकडी, तिला वळसा घालायला वाट नाही. तो गाडी सरळ तिच्यावर भरधाव सोडतो. पुढे जे लिहिले आहे त्यात भीती नाही, फुशारकी तर नाहीच. प्रकाश एकाएकी वाढतो, खालीवर कळेनासे होते, आणि गाडी कसलाही धक्का न बसता, विजेच्या पाळण्यातून उचलली जावी तशी वर वर जाते. वाळूचा पृष्ठभाग कोठे घट्ट असतो आणि कोठे दगा देतो, वाऱ्याकडची बाजू आणि आडोशाची बाजू यांत काय फरक पडतो, टेकड्या एका रांगेत का उभ्या राहतात, हे प्रश्न त्याला झोपू देत नाहीत. इंग्लंडला परतल्यावर त्याने स्वतः वायुबोगदा बांधून वाळूच्या कणांच्या उड्या मोजल्या, आणि १९४१ मध्ये वाहत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही आधारभूत मानला जातो. मंगळावरील एका टेकड्यांच्या पट्ट्याला त्याचे नाव दिले गेले आहे; २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ ही यंत्रगाडी तेथे पोहोचली. मोटारीच्या प्रवासवर्णनातून एक शास्त्र जन्माला आल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

(जाता जाता: बॅग्नोल्डची बहीण ईनिड हिची ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही कादंबरीही १९३५ मध्येच आली. बहिणीने घोड्यावर लिहिले, भावाने फोर्डवर. खपाच्या बाबतीत घोडा पुढे गेला.)

बॅग्नोल्डचे गद्य कोरडे आहे असे म्हणतात. मला ते संयत वाटते. जे कळले नाही ते सजवून सांगण्याची त्याला हौस नाही. ज्या वस्त्यांतील माणसांशी त्याचा संबंध आला नाही, त्यांच्याविषयी तो खोटी जवळीकही दाखवत नाही. त्याच्या मर्यादेत हा प्रामाणिकपणाच आहे. अडचण सुरू होते ती त्याच्या मागून आलेल्यांनी ती मर्यादा सोयीची म्हणून उचलली तेव्हा.

मरूद्यानाची गरज संपली, पण ओढ संपली नाही. ती झर्झुरावर जाऊन बसली. मध्ययुगीन अरबी खजिनाशोधकांच्या एका ग्रंथात या नगरीचे वर्णन आहे. पारव्यासारखी शुभ्र नगरी, दारावर कोरलेला पक्षी, त्याच्या चोचीत किल्ली, आत निद्रिस्त राजा-राणी आणि अमाप संपत्ती. नावाचा संबंध लहानशा पक्ष्याशी जोडतात. १९३० मध्ये सुदानच्या सीमेवरील वादी हल्फा येथे बॅग्नोल्ड आणि मंडळींनी ‘झर्झुरा क्लब’ स्थापला. मोटारी, आणि पुढे विमाने, या शोधाला लागली. हंगेरीचा लाझ्लो अल्माशी, इंग्रज सरदार रॉबर्ट क्लेटन, इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातला पॅट्रिक क्लेटन यांनी १९३२ आणि १९३३ मध्ये गिल्फ केबीर या विशाल पठारात लपलेल्या तीन हिरवट दऱ्या शोधल्या. त्यांत बाभळीची झाडे होती, पावसानंतर काही वर्षे चारा उगवे. हीच झर्झुरा, असा अल्माशीचा दावा. बॅग्नोल्ड मात्र आपल्या पुस्तकात झर्झुराकडे एक कल्पना म्हणून पाहतो. जोवर नकाशावर कोरी जागा आहे तोवर झर्झुरा आहे, आणि शेवटची कोरी जागा भरली की ती नाहीशी होईल, अशा आशयाचे त्याचे विवेचन आहे. ते मोहक आहे. तरीही मला त्यात मोटारयुगाची एक कबुली ऐकू येते. प्रवाशाला जे मरूद्यान हवे आहे ते निर्जन असले पाहिजे, कोणाच्या मालकीचे नसले पाहिजे, आणि शक्य तर सापडलेले नसले पाहिजे. त्या दऱ्यांत जनावरे चारायला नेणाऱ्या तेबू लोकांना त्या हरवलेल्या वाटण्याचे काही कारण नव्हते.

झर्झुराचा शोध चालू असतानाच तेथून फार दूर नसलेल्या खऱ्या मरूद्यानात काय घडत होते? जानेवारी १९३१ मध्ये इटालियन फौजांनी विमाने आणि मोटारी घेऊन कुफ्रा जिंकले. सनुसींचे ते शेवटचे मोठे ठाणे. बायकामुलांसह अनेक कुटुंबे उंटांवर आणि पायी पळाली, उवैनातच्या झऱ्यांपर्यंत पोहोचली, आणि तेथे चारा व अन्न नाही म्हणून पूर्वेला इजिप्तच्या दाख्ला मरूद्यानाकडे निघाली. मध्ये शेकडो किलोमीटर पाण्याचा थेंब नाही. त्यातील कित्येक वाटेतच मेली. त्या भागात नकाशाचे काम करीत असलेल्या पॅट्रिक क्लेटनला ही माणसे आढळली. त्याने काम बाजूला ठेवले आणि आपल्या मोटारींतून पाणी पोहोचवून, माणसे वाहून नेऊन जमेल तितक्यांना वाचवले.

मोटारीचा यापेक्षा सार्थ वाळवंटी प्रवास मला ठाऊक नाही. उंटाला जे अंतर वेळेत कापता आले नसते ते फोर्डने कापले. इंधन तेच, चाके तीच, क्लृप्त्याही बॅग्नोल्डच्याच शाळेतल्या. हिशेब मात्र पाण्याचा. परंतु झर्झुराच्या कथेची जितकी आवर्तने झाली, त्याच्या शतांशानेही ही हकिगत सांगितली गेली नाही. असे का व्हावे? मला वाटते, मोटारीच्या प्रवासवर्णनाने जो नायक घडवला होता तो एकटा, शोधक, कोणाचे काही देणे नसलेला असा होता. निर्वासितांना पाणी पाजणारा मनुष्य त्या साच्यात बसत नव्हता. पुढे या साऱ्यांचे कौशल्य युद्धाच्या कामी लागले. बॅग्नोल्डने १९४० मध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभारला, क्लेटन त्यात होता आणि पकडला गेला. हिंदी घोडदळातील जवानांची एक लांब पल्ल्याची तुकडीही १९४२ मध्ये या दलाबरोबर वाळवंटात होती. अल्माशीने १९४२ मध्ये तेच ज्ञान जर्मनांना दिले. त्या इतिहासावर पुस्तकांच्या राशी आहेत.

येथे विल्फ्रेड थेसिजरचा विचार करावा लागतो, कारण मोटारीविरुद्धचा खटला त्याने सर्वांत जोरात चालवला. ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) मध्ये त्याने रुब अल् खाली या अरबस्तानातील ओसाड मुलखाच्या प्रवासांचे जे वर्णन केले आहे, त्यातील एक प्रकरण विसरता येत नाही. लिवा मरूद्यान जवळ आले आहे, पण ख्रिस्ती परका तेथे दिसला तर घात होईल. म्हणून तो उपाशीपोटी वाळूतच थांबतो, सोबतचे बदू अन्न आणायला जातात, आणि दिवसांमागून दिवस जातात. मरूद्यान दिसतसुद्धा नाही, आणि तरीही त्या पानांवर ते बॅग्नोल्डच्या कोणत्याही मरूद्यानापेक्षा अधिक खरे आहे. थेसिजरचा निष्कर्ष असा की मोटारीने आणि तेलाने बदूंचे जग संपवले. त्याचे दुःख खरे, पण निदान अपुरे. ज्या बदूंवर त्याने जीव लावला त्यांना मोटारी हव्या होत्या, आणि दवाखानाही. उंटावरचा उपवास थेसिजरने निवडलेला होता. त्यांनी तो निवडलेला नव्हता. खटला यंत्रावर भरण्यापेक्षा दृष्टीवर भरला पाहिजे. क्लेटनच्या मोटारी हा माझ्या बाजूचा साक्षीदार.

मायकेल ओंडात्जेच्या ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९२) या कादंबरीमुळे अल्माशी हे नाव जगभर झाले. खरा अल्माशी आणि कादंबरीतला भाजलेला, अनाम रुग्ण यांत मोठे अंतर आहे, आणि कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य आहेच. त्या रुग्णाला वाळवंट प्रिय आहे ते तेथे देश, नावे, कुळे गळून पडतात म्हणून. या कल्पनेने अनेक वाचक भारावले. पण वाळवंटात देश नसतात असे कुफ्राहून पळालेल्यांना वाटले असेल काय? सप्टेंबर २०१५ मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात, बहारिया मरूद्यानाच्या परिसरात, फोर व्हील ड्राइव्हच्या गाड्यांतून निघालेल्या पर्यटकांवर सुरक्षा दलांनी त्यांना अतिरेकी समजून हवाई मारा केला. आठ मेक्सिकन आणि चार इजिप्शियन मेले. तेथे देश आहेत, आणि ते आकाशातून पाहत असतात. ओंडात्जेला हे कळत नाही असे नाही. त्याने कादंबरीत किप हा शीख सुरुंगतज्ज्ञ ठेवला आहे. हिरोशिमाची बातमी ऐकताच तो ज्या संतापाने उठून जातो, त्यात रुग्णाच्या देशविरहित स्वप्नाला दिलेले उत्तर आहे. १९९६ च्या चित्रपटाने नेमका तो संताप वगळला आणि वाळूच्या सोनेरी वळणांवर भर दिला. पर्यटनाला चित्रपटाचाच उपयोग झाला.

आतापर्यंत उल्लेखलेल्या पुस्तकांत मोटार दूरून येते ती लेखकाला घेऊन. ती जर आपल्या दिशेने येताना दिसली तर? इब्राहीम अल् कोनी या लिबियन तुआरेग लेखकाने हीच जागा घेतली. त्याचा जन्म १९४८ चा. अरबी त्याने वयाच्या बाराव्या वर्षी शिकायला घेतली, पुढे शिक्षण मॉस्कोला झाले. १९९० मधील त्याच्या एका कादंबरीचे इंग्रजी भाषांतर ‘द ब्लीडिंग ऑफ द स्टोन’ या नावाने २००२ मध्ये आले. असूफ नावाचा एकटा मेंढपाळ दक्षिण लिबियातील खडकाळ दरीत राहतो. तेथील प्राचीन चित्रांची राखण त्याच्याकडे दिलेली आहे. तो नमाजाला उभा असताना गाडीचा आवाज येतो. त्या गाडीतून उतरतात ते शिकारी. कादंबरीतील काबील नावाच्या शिकाऱ्याने उत्तरेकडील माळावरचे हरणांचे कळप वेगवान गाडी आणि आधुनिक बंदूक यांच्या जोरावर संपवले आहेत, आणि आता त्याला डोंगरातील वद्दान नावाचे दुर्मिळ रानमेंढे हवे आहेत. पायी शिकार करणाऱ्याला जनावर दमवते आणि त्या दमण्यात एक करार असतो, निम्मे संकट शिकाऱ्यावरही असते. गाडीने तो करार मोडला. अल् कोनी हे तत्त्वज्ञान म्हणून सांगत बसत नाही. असूफचा बाप वद्दानच्या मागे लागून कसा कड्यावर अडकला, ही गोष्ट तो सांगतो. कादंबरीच्या प्रतीकांचे ओझे मधूनमधून जड होते, बायबल आणि कुराणातील संदर्भांची गर्दी होते, हे खरे. तरी मोटारीच्या प्रवासवर्णनांनी जो कोपरा नव्वद टक्के वेळा अंधारात ठेवला, तेथे हा लेखक उभा आहे. शेवट येथे सांगत नाही.

अब्दुर्रहमान मुनीफच्या ‘सिटीज ऑफ सॉल्ट’ (१९८४) या महाकादंबरीची सुरुवातही एका मरूद्यानाने होते. वादी अल् उयून हे ते मरूद्यान. तेलाच्या शोधात आलेली यंत्रे त्याची झाडे मुळासकट उपटतात. अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये या कादंबरीवर लिहिताना तेलाविषयीच्या साहित्याच्या अभावाकडे लक्ष वेधले होते. त्यांच्या प्रश्नाला एक पुरवणी जोडता येईल. ज्या प्रवासवर्णनांत पेट्रोलच्या डब्यांची मोजदाद पानोपानी आहे, त्यांतही ते पेट्रोल कोठून आले हे विचारलेले नसते.

आपल्याकडील लेखनाविषयी थोडे. गेल्या पंचवीसेक वर्षांत मराठी कुटुंबे दुबईला मोठ्या प्रमाणात जाऊ लागली, आणि दिवाळी अंकांतून, स्मरणिकांतून ‘डेझर्ट सफारी’ची वर्णने येऊ लागली. त्यांना हसण्याचा माझा इरादा नाही. लँड क्रूझर वाळूवरून घसरते तेव्हाचा पोटात उठणारा गोळा अनेकांनी चांगला पकडला आहे. चालक खाली उतरून टायरमधली हवा सोडतो, या क्षणाची नोंद जवळजवळ प्रत्येक लेखात असते, बहुधा गंमत म्हणून. बॅग्नोल्डचा वारसा तेवढाच उरला आहे, आणि तो आपण न ओळखता लिहितो. पण तो चालक अनेकदा पेशावरकडचा किंवा मलबारचा असतो. त्याला आपली हिंदी समजते. आणि तरीही लेखात तो ‘ड्रायव्हर’ एवढाच राहतो. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाटेवरचा सामान्य माणूस जितका जिवंत भेटतो, तितका तो आपल्या विमानयुगातील प्रवासवर्णनांत का भेटत नाही, याचे कारण भाषेच्या अभावात नाही. भटजींना त्या माणसाची गरज होती. इंदूरसारख्या गावी राहणाऱ्या आपल्याला हे कळायला हवे, कारण सुमारे सत्तर किलोमीटरांवरून चढवून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर हे शहर उभे आहे, आणि नळ सोडताना त्या वाटेचा विचार आपणही करीत नाही.

आजच्या सीवाविषयी लिहिणाऱ्यांसमोर हा प्रश्न अधिकच ठळक आहे. भूमध्य समुद्राकाठच्या मर्सा मत्रूहपासून सुमारे ३०० किलोमीटरांचा डांबरी रस्ता १९८० च्या दशकात झाला, म्हणजे तेथे पोहोचायला फोर व्हील ड्राइव्ह लागतच नाही. ती लागते ती गावाबाहेरच्या वाळूत सूर्यास्त पाहायला नेण्यासाठी. मीठ मिसळलेल्या मातीने बांधलेले जुने शाली गाव १९२६ च्या तीन दिवसांच्या पावसाने ढासळले, त्याचे अवशेष प्रवासी पाहतात. अलेक्झांडर इ. स. पूर्व ३३१ मध्ये तेथील देवळात कौल घ्यायला आला होता, हेही सगळे लिहितात. सिवी ही तेथील लोकांची स्वतःची बर्बर कुळातली भाषा आहे, हे थोडे लिहितात. तेथील आजचे संकट पाणी कमी असल्याचे नसून जास्त उपसल्याचे आहे: विहिरी बेसुमार खोदल्या, खोलगट भागातून पाण्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे खारे तलाव फुगतात आणि जमिनी चोपण होतात. हे तर जवळजवळ कोणीच लिहीत नाही. सफारीच्या गाड्या जेथे हमखास थांबतात त्या ‘बीर वाहेद’ या गरम पाण्याच्या कुंडाची गोष्टही बोलकी आहे. वाळूच्या समुद्राच्या कडेला ही विहीर खोदली होती ती तेलासाठी. लागले गरम पाणी. नावाचा अर्थ ‘पहिली विहीर’. प्रवासी त्यात पाय सोडून बसतात, चहा होतो, छायाचित्रे निघतात.

बॅग्नोल्डच्या आधीच्या मोटारवाल्यांना, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, दाख्लाच्या नैर्ऋत्येस एका निर्मनुष्य टेकडीच्या पायथ्याशी मातीच्या मोठाल्या रांजणांचा ढीग सापडला होता. अबू बल्लास, म्हणजे रांजणांचा धनी, असे त्या टेकडीचे नाव पडले. कुफ्राकडून येणाऱ्या लुटारूंनी केलेला हा पाण्याचा साठा, अशी तेव्हाची समजूत. अलीकडच्या पुरातत्त्वीय अभ्यासातून दिसले की तेथून गिल्फ केबीरच्या दिशेने अशा साठ्यांची रांगच होती, त्यातले रांजण चार हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्या वाटेने उंट नव्हे, गाढवे जात. उंट त्या काळी त्या भागात नव्हताच. कोणीतरी दाख्लातून पाणी भरून, ठराविक अंतरावर पुरून ठेवून, दुसऱ्या कोणाची वाट सोपी करून ठेवली होती. झर्झुरा शोधणाऱ्या मोटारी त्या रांजणांपाशी थांबून पुढे जात.

‘लिबियन सँड्स’ आणि ‘द ब्लीडिंग ऑफ द स्टोन’ ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत मिळतात. ती लागोपाठ वाचावीत, आणि आधी बॅग्नोल्ड वाचावा. त्याच्या मोटारीच्या टपावर बसून वाळूची टेकडी चढण्याचा आनंद पुरेपूर घेतल्यानंतरच, तीच मोटार असूफला कशी दिसली असेल ते वाचणे अधिक न्यायाचे ठरेल.